अस्वल आणि बंदूक



काजूचा हंगाम आला की मिस्सेनंतर आवारात एक प्रश्न निघतोच : "फादर, रानात जाताना जवळ पिस्तूल असावे काय? परवान्यासाठी चिठ्ठी द्याल काय?" खानापूर तालुक्यात भीमगडच्या बाजूला ज्यांच्या बागा रानाला लागून आहेत, त्यांचे भय खोटे नाही. पहाटे बोंडे वेचायला बायकामुलेही जातात. म्हणून उत्तर येथे सविस्तर देतो.

अमेरिकेत अलास्कातील लोक अस्वलाच्या भयाने कमरेला मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर बांधतात, हे खरे आहे. पण तेथील अस्वल निराळे, कायदा निराळा. आपल्याकडे साध्या माणसाला परवान्यावर मिळते ते बहुधा .३२ बोअरचे. शंभर किलोचे केसाळ जनावर अंगावर धावून येत असता ती गोळी त्याला जागीच थांबवील, असा भरवसा धरू नये. जखमी अस्वल तर अधिकच वाईट. ते जाळीत दडते आणि दुसऱ्या दिवशी वाट चुकून तिकडे गेलेल्याला गाठते.

शिवाय पिस्तूल काढायला वेळ कोठला? आपले अस्वल डोळ्याने अधू, कानाने मंद. नाक तेवढे तीक्ष्ण. वारुळात तोंड खुपसून ते वाळवी ओढत असते, तेव्हा त्याला आपली चाहूल लागत नाही. करवंदीच्या जाळीमुळे आपल्यालाही ते दिसत नाही. आठ-दहा पावलांवर एकदम गाठ पडते, ते दचकते आणि तोंडावर झेप घेते. आपल्या एका हातात कोयता, दुसऱ्यात टोपली. घाईने झाडलेली गोळी मागून येणाऱ्या भावालाच लागायची. पिले पाठीवर असलेली अस्वली सर्वांत भयंकर. नीतिसूत्रांच्या १७ व्या अध्यायात तिचा दाखला आहे तो उगाच नव्हे.

कायदाही समजून घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. जीव वाचवण्यासाठी नाइलाजाने मारावे लागले तर तो गुन्हा नाही. पण ते सरकारची मालमत्ता होते, लगेच वनखात्याला कळवावे लागते. मात्र बिनपरवान्याची ठासणीची बंदूक घेऊन अभयारण्यात शिरलेल्याला हा बचाव मिळणे कठीण. शिकारीचा गुन्हा शाबीत झाला तर ३ ते ७ वर्षे कैद. घरकर्ता तुरुंगात गेल्यावर बाग कोणी सांभाळायची? म्हणून मी चिठ्ठी देत नाही. कोणी रागावले आहेत, ते मला ठाऊक आहे.

त्यापेक्षा उजाडल्यावर जा, अंधार पडण्याआधी परता. दोघे-तिघे मिळून, मोठ्याने बोलत चाला. काठीला घुंगरू बांधा. अस्वलाला आधी कळले तर बहुधा तेच बाजूला होते. पिकलेला फणस आणि बोंडांचा ढीग घराजवळ रात्रभर ठेवू नका. कुत्रा मोकळा नेऊ नका. तो अस्वलाला डिवचतो आणि धन्याच्या पायाशी पळून येतो, मागोमाग अस्वल. दुरून दिसले तर पळू नका, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरा. अंगावर आलेच तर पालथे पडा, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंतवा, तोंड जमिनीकडे ठेवा. ते निघून जाईपर्यंत उठू नका.

आता जखमेविषयी, कारण येथे आपले लोक फार चुकतात. हळद, तंबाखू, चुना काही लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. रक्त फार वाहत असेल तर मात्र आधी स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा आणि वाहन बघा. अस्वलाच्या चाव्यानेही पिसाळरोग होऊ शकतो; म्हणून त्याच दिवशी इस्पितळात रेबीजची लस, जखमेत द्यायचे सीरम आणि धनुर्वाताचे इंजेक्शन मागून घ्या. लसीचे पुढील डोस चुकवू नका. जखम भरली म्हणून चौथी सुई टाळणारा माणूस मी पाहिला आहे. त्याला मोटरसायकलवर बसवून मीच नेले.

इस्पितळाचे कागद जपून ठेवा आणि वनक्षेत्रपालांच्या कचेरीत लवकर वर्दी द्या. भरपाईचा अर्ज त्यावरच चालतो. कन्नड अर्ज भरण्यास अडचण असेल त्याने संध्याकाळी मिशनघरी यावे.