मोटारीच्या गिअरतेलास बाहेरील कूलर कसा जोडावा

ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या आतां शेतकरी बंधूंच्या घरींही येऊं लागल्या आहेत. राहणें राजारामपुरींत आणि शेती पन्हाळ्याच्या वा गगनबावड्याच्या बाजूस, अशा गृहस्थांची गाडी चढावर ट्रेलर ओढते व चिखलांतूनही जाते. अशा वेळीं गिअरचें तेल फार तापतें, पण त्याकडे लक्ष जात नाहीं. तेल जळलें कीं आंतील चकत्या जळतात, आणि ती दुरुस्ती हंगामाचा नफा गिळून टाकते. तेलाची उष्णता दर सुमारें १० अंशांनीं वाढली कीं त्याचें आयुष्य निम्म्यावर येतें, असा कारागिरांचा ठोकताळा आहे.

पुष्कळ गाड्यांत हें तेल रेडिएटरच्या टाकींतील नळींतून फिरून परत गिअरपेटींत जातें. परंतु रेडिएटरचें पाणी स्वतःच सुमारें ९० अंशांवर असतें. त्याच्या संगतींत तेल त्याहून थंड होणार कसें? गुऱ्हाळांत पाक काहिलींत लवकर निवत नाहीं, वाफ्यांत पसरला म्हणजे निवतो. बाहेरील कूलरचेंही तेंच तत्त्व: तेल अरुंद नळ्यांत विभागावयाचें व पात्यांवरून वारा खेळवावयाचा.

क्रम असा ठेवावा: गिअरपेटींतून तेल प्रथम रेडिएटरमध्यें, तेथून बाहेरील कूलरमध्यें, आणि मग गिअरपेटींत परत. म्हणजे सर्वांत थंड तेल गिअरपेटीस मिळतें. अतिथंड देशांत तेल शेवटीं रेडिएटरमधून नेऊन कोमट करण्याची चाल आहे. कोल्हापूरच्या हवेंत तिची गरज नाहीं. परतीची नळी कोणती हें उत्पादकाच्या पुस्तिकेवरून ठरवावें, अंदाजानें नव्हे.

कूलर रेडिएटरच्या पुढें, थोडें अंतर राखून, लोखंडी पट्ट्यांवर बसवावा. रेडिएटरच्या पात्यांतून प्लॅस्टिकचे खिळे ओंवूं नयेत. हादऱ्यानें ते नळ्या कापतात. नळ्यांचीं तोंडें वर वा बाजूस असावींत; खालीं असल्यास आंत हवा अडकते. नळी गिअरतेलासाठींच बनविलेली घ्यावी. राजारामपुरींतील एका गृहस्थांच्या गाडीस पाण्याची साधी रबरी नळी जोडलेली आम्हीं पाहिली; ती तेलानें फुगून चढावर निसटली आणि तेल रस्त्यावर गेलें. नळी पंख्यापासून व धुराड्याच्या नळापासून दूर बांधावी.

जोडणीपूर्वीं जुनें तेल अवश्य पाहावें. तें दुधाळ गुलाबी दिसल्यास रेडिएटरमधील नळी फुटून पाणी मिसळलें आहे असें समजावें. अशा वेळीं रेडिएटर बदलून गिअरपेटी स्वच्छ केल्याशिवाय नवा कूलर जोडणें व्यर्थ होय.

जोडणी झाल्यावर इंजिन चालू करून गळती पाहावी. नव्या नळ्यांत तेल भरल्यानें पातळी उतरते. ती पुस्तिकेंत सांगितलेल्या रीतीनें मोजून, सांगितलेलेंच तेल घालून भरावी. पुढें दर महिन्यास पात्यांतील चिखल व पाचटाचे तुकडे पाण्यानें हलकेच धुवावे. वारा अडला तर उत्तम कूलरही निरुपयोगी ठरतो, हें वाचकांनीं विसरूं नये.