चढाओढ आणि ‘मान’

दहावीचा निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न येतो, ‘तुला किती?’ आणि लगेच दुसरा, ‘त्याला किती?’ मुलगा ८० टक्के मिळवून आनंदाने घरी येतो, पण शेजारच्या मुलीला ८५ असतात. मग त्याचे ८० एकाएकी कमी वाटू लागतात. वास्तविक त्याच्या अभ्यासात तेवढ्या वेळात काहीच बदललेले नसते.

तथागतांनी या वृत्तीला ‘मान’ म्हटले आहे. आपला लग्नातला मानपान निराळा. पाली साहित्यातील मान म्हणजे इतरांशी तोलून स्वतःविषयी धरलेला अहंभाव. ‘मी श्रेष्ठ’, ‘मी बरोबरीचा’ आणि ‘मी हीन’ अशी त्याची तीन रूपे आहेत. पहिला गर्व, तिसरा न्यूनगंड, हे सहज पटते. परंतु ‘मी बरोबरीचा’ यात काय वावगे? आपण तर समतेसाठी झगडणारी माणसे! विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. समतेत कोणी कोणाला मोजत नाही. मान मात्र मोजतच राहतो. आज बरोबरी झाली तरी उद्या पुन्हा तराजू काढतो. दहा संयोजनांमध्ये मान आठवा आहे व अर्हतपदापर्यंत तो पूर्णपणे सुटत नाही.

राजगृहाच्या वेळुवनात सोण नावाच्या गृहपतिपुत्राला भगवंतांनी हेच समजावले. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान हे पाचही स्कंध अनित्य आहेत. त्यांच्या आधारावर श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविणाऱ्याला वस्तुस्थिती दिसलेलीच नसते.

मग प्रयत्न सोडावेत काय? मुळीच नाही. सम्यक व्यायाम हे अष्टांगिक मार्गाचेच अंग आहे. नवे अकुशल येऊ न देणे, आलेले घालविणे, नवे कुशल निर्माण करणे व असलेले वाढविणे, हे ते चार प्रयत्न. या चारांत शेजाऱ्याचा कोठेही उल्लेख नाही! स्पर्धा परीक्षेत जागा मोजक्याच असतात, तेथे गुणानुक्रम लागणारच. पण ती यादी घरात, लग्नात आणि विहारातही सोबत नेण्याचे कारण नाही.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाला खाली पाहायला कोणीतरी असते, म्हणून उतरंड टिकते. आपल्या नोकरदार वर्गात तीच उतरंड वेश बदलून शिरत आहे. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला हे दिसते. लग्नासाठी सोने तारण ठेवायला आलेला माणूस कित्येकदा आपली ऐपत सांगत नाही, ‘भावकीत एवढा खर्च झाला’ ते सांगतो.

याहून मोठे नुकसान विहारात होते. गुणगौरव समारंभात नावे पुकारली जातात, टाळ्या पडतात. ते योग्यच आहे. परंतु नापास झालेला मुलगा त्या दिवशी येत नाही आणि पुढे अभ्यासिकेतही येईनासा होतो. ज्याला आधाराची सर्वाधिक गरज, तोच तुटतो.

दुसऱ्याच्या उत्कर्षाने आनंदित होणे म्हणजे मुदिता. ती शिकवायची तर दोन्ही बाजूंची मुले एकत्र बसली पाहिजेत. गौरव झालेल्या विद्यार्थ्यांनी पुरवणी परीक्षेला बसणाऱ्यांना दर रविवारी दोन तास शिकवावे, असे संस्थेने ठरवावे. नापास मुलाच्या घरी निरोप पाठवू नये, कार्यकर्त्यांनी स्वतः जावे. सुरुवात गणित आणि इंग्रजीपासून करता येईल.