मावशीची हिशेबाची वही : सिंगापूरच्या राहणीमानाचा एक अभ्यास

महागाईची व्याख्या अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही सर्वच जण पाठ म्हणून दाखवतो. परंतु एखादी वस्तू महाग का असते आणि दुसरी स्वस्त का राहते, याचा विचार मी प्रथम केला तो २०२५ च्या मे महिन्यात, सिंगापूरला मावशीकडे तीन आठवडे राहिले तेव्हा. मावशीला रोजचा खर्च वहीत लिहून ठेवण्याची जुनी सवय आहे. ती वहीच माझे पाठ्यपुस्तक झाली.

पहिले दोन दिवस मी प्रत्येक किंमत रुपयांत मांडत होते. तेथील एका डॉलरचे तेव्हा पासष्टच्या आसपास रुपये होत. कॉफीचा पेला नव्वद रुपयांना पडतो हे पाहून मी तो खाली ठेवला. मावशी हसून म्हणाली, "गुणाकार सोड, नाहीतर उपाशी राहशील. माणूस मिळवतो त्याच नाण्यात खर्च मोजावा." हा माझा पहिला धडा.

वहीतील अन्नाच्या खर्चाने मला चकित केले. सिंगापूर आपल्या अन्नापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून आणते. तरीही तेथे चार ते सहा डॉलरांत पोटभर जेवण मिळते. याचे कारण 'हॉकर सेंटर'. पूर्वी रस्त्यावर गाडे लावणाऱ्या विक्रेत्यांना शासनाने १९७१ ते १९८६ या काळात पाण्याची व सांडपाण्याची सोय असलेल्या मंडयांत हलवले. जुन्या विक्रेत्यांकडून गाळ्यांचे भाडे कमी घेतले गेले. तेथे चिनी भात, मलय रस्सा आणि तमिळ डोसा शेजारीशेजारी मिळतात आणि अधिकारी व हमाल एकाच बाकावर जेवतात. २०२० साली युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीची आपल्या वारसायादीत नोंद केली.

घराची गोष्टही अशीच. १९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले, तेव्हा असंख्य कुटुंबे दाटीच्या चाळींत आणि लाकडी झोपड्यांत राहत होती. १९६१ च्या मे महिन्यात बुकित हो स्वी या वस्तीला आग लागून सुमारे सोळा हजार लोक बेघर झाले आणि मंडळाच्या कामाला वेग आला. आज तेथील तीन चतुर्थांशांहून अधिक रहिवासी मंडळाने बांधलेल्या इमारतींत राहतात. घर 'विकत' मिळते ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. पंचावन्न वर्षांपर्यंतच्या नोकरदाराच्या वेतनातून २० टक्के व मालकाकडून १७ टक्के रक्कम भविष्यनिर्वाह निधीत जाते आणि १९६८ पासून हा निधी घरासाठी वापरता येतो. मात्र मंडळाकडून नवे घर घेण्यास कुटुंबात निदान एक नागरिक असावा लागतो. मावशी व काका नागरिक नसल्याने त्यांना जुने घर बाजारभावाने घ्यावे लागले. वहीतील सर्वांत मोठा आकडा त्याच हप्त्याचा.

आता उलट बाजू पाहा. बसचे भाडे सव्वा डॉलरच्या आसपास सुरू होते आणि बसमधून उतरून रेल्वेत बसले तरी अंतराची मोजणी नव्याने सुरू होत नाही. मोटार घ्यायची तर प्रथम लिलावात परवाना मिळवावा लागतो, आणि तो दहाच वर्षे चालतो. ही पद्धत १९९० पासून आहे. २०२३ साली लहान मोटारींच्या परवान्याचा भावही एक लाख डॉलरांपलीकडे गेला. मी तेथे असतानाही तो त्याच्या वरच होता. मोटारीची किंमत वेगळी! चांगला पगार असूनही काका बसनेच कामावर जातात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

यावरून मी असा निष्कर्ष काढला, की स्वस्ताई व महागाई या केवळ बाजाराच्या लहरी नसतात. जेवण व बस स्वस्त ठेवणे आणि मोटार महाग करणे, हा त्या शहराचा विचारपूर्वक निर्णय आहे. एवढ्यावर लेख संपवला असता, तर तो सोपा झाला असता.

पण वहीत आणखी तीन नोंदी होत्या. मावशीकडे जावा बेटावरील एक बाई घरकामासाठी राहते. पहिली नोंद तिच्या पगाराची. दुसरी शासनाला द्यायच्या आकाराची, दरमहा ३०० डॉलर; काही नागरिक कुटुंबांना तो ६० डॉलरच पडतो. तिसरी नोंद अशी : 'रविवारच्या कामाचा मोबदला'. २०१३ पासून अशा स्त्रियांना आठवड्याची सुटी मिळू लागली, पण ती पैसे देऊन भरून काढता येते. २०२३ पासून महिन्यातील निदान एक सुटी तरी पैशांत बदलता येत नाही. मी मावशीकडे पाहिले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सगळेच रविवार द्यायला हवेत गं. पण आम्ही दोघेही नोकरीवर, आणि सवय लागली."

त्या देशात सर्वांना लागू होणारे किमान वेतन कायद्याने ठरलेले नाही. इमारती बांधणारे परदेशी मजूर मोठमोठ्या वसतिगृहांत एकेका खोलीत अनेक जण असे राहतात. २०२० साली कोरोनाची साथ तेथेच सर्वाधिक पसरली. वर्षअखेर नोंदलेल्या सुमारे ५८ हजार रुग्णांपैकी बहुसंख्य याच वसतिगृहांतील होते. ज्यांनी घरे बांधली, त्यांना त्या घरांत जागा नाही. शहराच्या काटकसरीचा एक हिस्सा असा त्यांच्या खात्यावर पडतो.

मी निघाले त्या रविवारी ती बाई ठेवणीतले कपडे घालून मैत्रिणींकडे गेली होती. स्वयंपाक मावशीने केला.

घरी परतल्यावर मला प्रथम आठवल्या त्या आमच्याकडे पंधरा वर्षे धुणेभांडी करणाऱ्या ताई. त्यांच्या पगाराची नोंद आई ठेवते. सुटीची नोंद आमच्या वहीत नाही, कारण ठरलेली सुटीच नाही. सिंगापूरला नावे ठेवण्यापूर्वी ही नोंद आपल्या वहीत करावी, असे मी आईला सुचवले आहे. आईने अजून होकार दिलेला नाही. पण वही मात्र तिने माझ्या हाती दिली आहे.