इंग्रजी 'मी' आणि आपला 'मी'



कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आषाढांतील सायंकाळ होती व आगाशीच्या वाड्यांवर पाऊस नुसता कोसळत होता. दार कोणीं ठोठावलें, म्हणून मीं आंतून सहज इंग्रजींत विचारिलें, "हू इज इट?" उत्तर नाहीं. पुन्हां विचारिलें, तरी उत्तर नाहीं. दार उघडून पाहतों तों माझ्या वर्गांतील एक हुशार विद्यार्थी, चिंब भिजलेला, सदऱ्याखालीं सुकेळ्यांचा पुडा धरून ओट्यावर उभा! "अरे, बोललास कां नाहींस?" असें विचारतां तो खालीं पाहून म्हणाला, "सर, 'इट इज मी' लिहिलें कीं आपण लाल रेघ मारतां. आणि 'इट इज आय' तोंडांतून निघेना."

मला माझ्या लाल शाईची लाज वाटली. मीं नियम शिकविला होता, पण त्याचें कारण शिकविलें नव्हतें. तें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

कित्येक क्रियापदें कर्त्यानें काय केलें हें सांगत नाहींत. कर्ता कोण आहे किंवा कसा आहे, एवढेंच सांगतात. त्यांस जोडणारीं क्रियापदें म्हणावें. 'बी' हें त्यांत मुख्य असून 'बिकम', 'सीम' हीं त्याचीं भावंडें होत. असें क्रियापद तराजूच्या दांडीसारखें असतें. दोन्हीं पारड्यांत एकच व्यक्ति असते. म्हणून दोन्हींकडे प्रथमा विभक्तीच हवी. आचार्य अत्रे यांचें 'तो मी नव्हेच' हें नाटक सन १९६२ मध्यें रंगभूमीवर आलें. त्या नांवांतील 'तो' प्रथमेंत आहे व 'मी'हि प्रथमेंत आहे. 'त्याला मी नव्हेच' असें कोणी म्हणणार नाहीं. ह्याच न्यायानें व्याकरणकार 'इट इज आय', 'इट वॉज ही' हीं रूपें शुद्ध ठरवितात. एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. आपलें क्रियापद 'मी'च्या मागें जातें व आपण 'तो मी आहें' म्हणतों. इंग्रजींत तें 'इट'च्या मागें जातें. चौदाव्या शतकांत चॉसर कवीच्या इंग्रजींत मात्र 'इट ॲम आय' अशी आपल्यासारखीच रचना होती.

आतां शब्दयोगी अव्ययाकडे वळूं. मराठींत अव्यय लागलें कीं सर्वनामाचें सामान्यरूप होतें. 'ती' व 'साठीं' मिळून 'तिच्यासाठीं' होतें. 'तीसाठीं' म्हणणारें मूल आपल्या गांवांत सांपडावयाचें नाहीं. इंग्रजींत अव्यय सर्वनामाच्या आधीं येतें, पण त्याचा अंमल तसाच चालतो. 'फॉर हर', 'विथ हिम', 'टू देम' हीं रूपें पाहा. "हीं सुकेळीं बाईंसाठीं आहेत" असें त्या मुलास सांगावयाचें असतें तर तो 'दीज आर फॉर हर' म्हणता. येथें 'आर' हें जोडणारेंच क्रियापद आहे. तरी 'शी' येत नाहीं, कारण मध्यें 'फॉर' उभें आहे. क्रियापद कितीहि जवळ असो, मध्यें अव्यय आलें कीं सर्वनामावर सत्ता अव्ययाची.

येथें आपल्या मुलांचा पाय घसरतो तो एका विशिष्ट जागीं. 'तूं आणि मी यांच्यामध्यें' असें आपण बोलतों. तेथें विकार 'यांच्या' या शब्दानें सोसला म्हणून 'मी' अविकृत राहिला. त्याचेंच भाषांतर करून मूल 'बिटवीन यू अँड आय' लिहितें. इंग्रजींत असा भार वाहणारा तिसरा शब्द नाहीं. म्हणून 'बिटवीन यू अँड मी' हेंच शुद्ध. संशय आल्यास दोन्हीं सर्वनामांच्या जागीं एक ठेवून पाहावें. 'बिटवीन अस' बरें लागतें, 'बिटवीन वी' कानास खुपतें. शेक्सपीअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकांत अँटोनियोच्या पत्रांत नेमकी हीच चूक आहे; परंतु परीक्षक ती शेक्सपीअरला क्षमा करील, तुम्हांस नाहीं.

आणखी एक भेद. 'मला ताप आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याजवळ पुस्तक आहे' या सर्व ठिकाणीं मराठी 'आहे'वर काम भागविते. इंग्रजी तेथें बहुधा 'हॅव' योजून व्यक्तीस कर्ता करिते: 'आय हॅव टू ब्रदर्स'. म्हणून 'मला' दिसतांच 'टू मी' लिहूं नये.

आतां त्या मुलाच्या अडचणीकडे येऊं. इंग्रजी 'मी' हें विकारी रूप, आणि आपला 'मी' प्रथमेचा. उच्चार मात्र एकच! 'कोण?' म्हणतांच ओठांवर 'मी' यावा हें स्वाभाविकच आहे. पण गंमत पुढेंच आहे. संस्कृतांत प्रथमेचें रूप 'अहम्' व तृतीयेचें 'मया'. मराठींत 'अहम्' लोपला आणि 'मया'पासून प्राकृताच्या द्वारें आलेला 'मी' त्याच्या आसनावर बसला. इंग्रजी 'आय' हा 'अहम्'च्या कुळांतला, व इंग्रजी 'मी' हा संस्कृत 'माम्'च्या कुळांतला. म्हणजे 'इट इज मी' म्हणणारा इंग्रज आज जें करितो, तें मराठीनें शेंकडों वर्षांपूर्वींच करून ठेविलें आहे! फ्रेंच लोकहि दाराबाहेरून 'से म्वा' असेंच, म्हणजे विकारी रूपानेंच, उत्तर देतात.

विद्वानहि येथें अडखळले आहेत. सन १६११ च्या इंग्रजी बायबलांत, मत्तयाच्या सोळाव्या अध्यायांत, लोक मला कोण म्हणतात या अर्थाच्या प्रश्नांत 'हू'च्या जागीं 'हूम' पडलें. वाक्याच्या शेवटीं असलेल्या 'ॲम'चा पूरक शब्द आरंभीं आहे, हें नजरेंतून निसटलें. सन १८८१ च्या सुधारलेल्या आवृत्तींत तेथें 'हू' आलें.

तेव्हां निर्णय असा: बोलतांना 'इट इज मी' निःशंक म्हणावें, तें आजच्या इंग्रजींत रूढ व मान्य आहे. औपचारिक लेखनांत, विशेषतः 'इट वॉज आय हू रँग द बेल' अशा वाक्यांत, 'आय' राखावा. अव्ययापुढें मात्र बोलतां-लिहितां कधींहि 'आय' नको.

अभ्यासार्थ चार वाक्यें देतों; प्रथम स्वतः भाषांतर करावें, मग उत्तरें पाहावींत.

१. तो मीच होतों.
२. हें पत्र तुझ्यासाठीं व माझ्यासाठीं आहे.
३. चोर तो नव्हे.
४. मला एक बहीण आहे.

उत्तरें: (१) इट वॉज आय. (२) धिस लेटर इज फॉर यू अँड मी. (३) द थीफ इज नॉट ही. (४) आय हॅव अ सिस्टर.

त्या सायंकाळीं मुलाला अंग पुसावयास पंचा दिला, चहा दिला, आणि पुन्हां दाराबाहेर उभें राहण्यास सांगितलें. मीं विचारिलें, "हू इज इट?" तो मोठ्यानें हंसून म्हणाला, "इट इज मी, सर!" मीं दार उघडलें. नियम मुलाला दारापर्यंत आणण्यासाठीं असतो. त्याच्या भयानें कोणी पावसांत उभें राहूं नये.