कॉफीचे पीक आणि रास्त व्यापार

शेतीचे स्थूलमानाने दोन प्रकार मानले जातात: कुटुंबाच्या पोटापुरती निर्वाह शेती आणि बाजारासाठीची व्यापारी शेती. मेक्सिकोतील ओआहाका राज्याच्या डोंगराळ भागात हे दोन्ही प्रकार एकाच घरी नांदतात. तेथील आदिवासी शेतकरी खाण्यासाठी मका व घेवडा पिकवितात आणि रोख पैशासाठी झाडांच्या सावलीत कॉफी घेतात. मका घरी खाल्ला जातो. कॉफीचा भाव मात्र न्यूयॉर्कच्या बाजारावर अवलंबून असतो.

एकट्या शेतकऱ्याला दलाल देईल तो भाव पत्करावा लागे. म्हणून १९८० नंतरच्या दशकात त्यांनी 'उसिरी' ही सहकारी संस्था उभारली. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हॅवेलार' या रास्त व्यापार चिन्हाखाली तिची कॉफी विक्रीस आली. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील निर्यात-कोटा पद्धती कोसळली व जागतिक भाव जवळजवळ निम्म्यावर आले. हमीभावाचे मोल तेव्हा प्रत्ययास आले.

या पद्धतीत बाजारभाव घसरला तरी संस्थेस ठरलेला किमान भाव मिळतो. वाढला तर बाजारभाव मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून धुतलेल्या अरेबिका कॉफीचा किमान भाव पौंडामागे १.८० डॉलर आहे. शिवाय सामुदायिक कामांसाठी २० सेंट अधिमूल्य मिळते.

तथापि, खरेदीदार घेईल तेवढ्याच मालाला ही हमी लाभते. उरलेला माल सामान्य बाजारात जातो. म्हणूनच संघटनेबरोबर घरचे मक्याचे शेत राखणेही तितकेच अगत्याचे ठरते.