उपास जमत नाही, तर उपवासकाळ वाया?

प्रश्न : मधुमेहामुळे डॉक्टरांनी उपास बंद केले. प्रार्थनेतही मन लागत नाही. येशूजवळ कशी जाऊ?
– एक वाचक, छावणी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, गोळ्या चालू असताना उपाशी राहू नका. कॅथलिक नियमातही आजाऱ्यांना उपासाची सक्ती नाही. आणि उपास म्हणजे येशूच्या भेटीचं तिकीट थोडंच आहे! मन लागत नाही, हेच त्याला सांगा, घरच्या माणसाला सांगावं तसं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्ताला आळवलं ते अभंगातून, तुकोबांच्या वाटेनं. तुम्हीही आपल्या बोलीत बोला. मार्ककृत शुभवर्तमानाचा रोज अर्धा अध्याय वाचलात, तरी सोळाही अध्याय ईस्टरआधी संपतात. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, तर मात्र पाळकांबरोबर डॉक्टरांनाही सांगा.