घडीच्या मोबाईलचा बाहेरचा पडदा : घेण्याआधी काय तपासावे?

दौलताबादच्या किल्ल्यापाशी उतरलेले गिऱ्हाईक हिमरूची शाल हातात घेते आणि लगेच दुसरा रंग मागते. माल गोदामात असेल तर आपण मोबाईलमधले फोटो दाखवतो. घडीच्या मोबाईलला बाहेरूनही पडदा असतो, तो गिऱ्हाइकाकडे फिरवता येतो, म्हणून आपल्यातील काही बंधू त्याची चौकशी करू लागले आहेत.

पडदा कंपनी देते, पण त्यावर काय दिसायचे ते सॉफ्टवेअर ठरवते. सॅमसंगच्या फ्लिप ३ (२०२१) चा बाहेरचा पडदा १.९ इंचांचा होता. घड्याळ, निरोप, गाणी यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नव्हता. फ्लिप ५ (२०२३) मध्ये तो ३.४ इंचांचा झाला. तरीही व्हॉट्सॲपसारखी निवडक ॲप्सच सेटिंगमधून चालू करता येत. बाकीच्यांसाठी 'गुड लॉक' नावाचे कंपनीचे वेगळे ॲप घ्यावे लागे. त्याच वर्षीच्या मोटोरोला रेझर ४० अल्ट्रावर मात्र बहुतेक ॲप्स बाहेर उघडत.

अडचण अशी की ॲप उंच पडद्याच्या मापाने शिवलेले असते. चौकोनी पडद्यावर त्याचे बटण कडेला कापले जाते किंवा कॅमेऱ्याखाली दडते. फोन उघडल्यावर काम होते तिथूनच पुढे चालावे, हेही ॲप बनवणाऱ्याने सोय केली असेल तरच होते.

आपल्याला खरे हवे असते ते वेगळेच : आत आपला भाव, बाहेर गिऱ्हाइकाला नमुना. दोन पडद्यांवर दोन गोष्टी दाखवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१२ पासून आहे, पण रोजच्या ॲप्समध्ये ती सहसा नसते. कॅमेऱ्याचे तेवढे काम चांगले. शाल पांघरलेल्या गिऱ्हाइकाचा फोटो काढताना त्याला स्वतःची छबी बाहेर दिसते.

फ्लिप ५ भारतात ९९,९९९ रुपयांपासून आला होता. एका जागी बसणाऱ्या दुकानदाराला नमुने दाखवायला साधा टॅबलेट पुरतो, असे माझे मत आहे. प्रदर्शनांतून फिरणाऱ्याने विचार करावा.

घ्यायचाच असेल तर दुकानातच फोन मिटवून आपले यूपीआय ॲप बाहेर उघडा, क्यूआर दुसऱ्या फोनने वाचून पाहा. बाहेर निरोप दिसणे बंद कसे करायचे तेही विचारा, नाहीतर विणकराने कळवलेला भाव गिऱ्हाईक आपल्याआधी वाचेल.